न जागणारें यंत्र व उतावीळ वैद्य

घरांतील लॅपटॉप एके दिवशीं सकाळीं नीट सुरू झाला नाहीं, कीं आपल्याकडे बहुधा दोन गोष्टी घडतात. घरांतील वडील माणूस मुलावर रागावतें, आणि जाणता म्हणून ओळखला जाणारा एखादा शेजारी ‘फॉरमॅट मारून घ्या’ असा सल्ला देऊन मोकळा होतो. या दोहोंपैकीं एकीनेंही यंत्र सुधारत नाहीं. पहिलीमुळें खरी हकीकत दडपली जाते, व दुसरीमुळें जें वांचविण्याजोगें होतें तेंच पुसलें जातें. या दोन्ही संवयी आपल्या घरांतून जावयास हव्यात, आणि त्यांच्या जागीं यंत्र नेमकें कोठें अडलें आहे हें शांतपणें पाहण्याची संवय मुलांच्या अंगीं बाणावयास हवी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कांहीं पालकांस वाटेल. परंतु २०२० सालच्या टाळेबंदींत शाळा घरींच भरूं लागली, तेव्हांपासून हें यंत्र चैनीच्या वस्तूंतून निघून दप्तराच्या पंक्तीस येऊन बसलें आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, दहावीचे प्रकल्प, वाडीचा जमाखर्च, पाहुण्यांच्या खोल्यांची नोंद, हें सर्व आतां त्याच्याच पोटांत असतें. शिवाय दिवेआगर म्हणजे पुणें किंवा मुंबई नव्हे. यंत्र दुरुस्तीस न्यावयाचें तर बोर्ली पंचतन, श्रीवर्धन, नाहीं तर म्हसळ्यावरून थेट माणगांव, म्हणजे एस. टी.चें भाडें व एका माणसाचा एक दिवस. एवढ्या खटाटोपानें नेलेलें यंत्र पुसून कोरें होऊन परत आलें, तर त्या श्रमाला काय म्हणावें?

असें एका घरीं घडलें आहे. घराचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, व दुरुस्ती करणाऱ्याचेंही नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन तालुक्यांतील कित्येक गांवें त्यानंतर आठवडेच्या आठवडे अंधारांत होतीं, आणि पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळी एका दुपारींत आडव्या झाल्या. त्या घराची वाडी वादळापूर्वीं कशी होती, हें दाखविणारीं छायाचित्रें त्यांच्या लॅपटॉपवर होतीं. यंत्र सुरू होईना म्हणून तें शहरांत पाठविलें; तेथें ‘फॉरमॅट’ झालें, छायाचित्रें गेलीं, आणि आठच दिवसांनीं यंत्र पूर्वींप्रमाणेंच पुन्हां बंद पडलें! मग दुसऱ्या एका कारागिरानें पाठ उघडून रॅमची पट्टी काढली, तिचीं टोकें पुसून ती पुन्हां नीट बसविली, व यंत्र चालूं लागलें. म्हणजे जो रोग होता त्याच्याशीं त्या औषधाचा कांहींएक संबंध नव्हता. नवी पोफळ लावली तर कांहीं वर्षांनीं फळास येईल. तीं छायाचित्रें मात्र परत येणार नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र जागें कसें होतें हें एकदां समजून घेतलें, म्हणजे तें कोठें अडलें हें ओळखणें फारसें कठीण नाहीं. यंत्र बंद असतां त्याची कामचलाऊ स्मृति, जिला रॅम म्हणतात, ती अगदीं कोरी असते. विंडोज डिस्कवर स्वस्थ पडून असतें. परंतु डिस्क वाचावयाची कशी हें सांगणाराही कोणी तरी लागतो. आधीं कोंबडी कीं आधीं अंडें, अशांतला हा पेंच आहे. तो सोडविण्यासाठीं मदरबोर्डवर एक लहानशी चिप बसविलेली असते, व तिच्यांतील मजकूर वीज गेली तरी पुसला जात नाहीं. जुन्या यंत्रांत त्या मजकुरास बायॉस म्हणत. अलीकडच्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. बटण दाबतांच प्रथम हा जागा होतो, रॅम, पडदा, कळफलक वगैरे मंडळींची हजेरी घेतो, मग डिस्क शोधतो, डिस्कवरील एका छोट्या प्रोग्रॅमला हांक मारतो, आणि तो प्रोग्रॅम विंडोजला उठवितो. या क्रियेस ‘बूट होणें’ म्हणतात. स्वतःच्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलावें, अशा एका विनोदी कल्पनेवरून तो शब्द निघालेला आहे, आणि तो किती समर्पक आहे हें वरील क्रम पाहिला म्हणजे ध्यानांत येतें.

आतां आपल्या वाडीकडे पाहा. शिंपणें चालू असतां शेवटच्या पोफळीच्या आळ्यांत पाणी पोंचलें नाहीं, तर शहाणा माणूस पोफळ तोडीत नाहीं, कीं विहीर बुजवीत नाहीं. तो पाटाच्या कडेनें चालत जातो, व माती कोठपर्यंत ओली आहे आणि कोठून कोरडी आहे हें पाहतो. ओलें व कोरडें यांच्या सीमेवरच पाट फुटलेला असतो, किंवा झांवळीचा तुकडा आडवा आलेला असतो. लॅपटॉपची परीक्षा यापेक्षां निराळी नाहीं. वीज आली काय? पडदा उजळला काय? कंपनीचें नांव दिसलें काय? विंडोजचें चिन्ह फिरूं लागलें काय? ज्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें येईल, तेथेंच थांबावें व तेथेंच खणावें. त्याच्या पुढील गोष्टींस हात लावण्याचें कारण नाहीं.

दिवाच लागत नसेल, तर प्रथम यंत्राचा नव्हे, विजेचा संशय घ्यावा. त्याच सॉकेटमध्यें मोबाइल लावून पाहावा. चार्जरची वायर बहुधा टोंकाच्या मानेपाशीं आंतून तुटते व बाहेरून धड दिसते. तेव्हां त्याच जातीचा दुसरा चार्जर मिळाला तर लावून पाहणें उत्तम. मग चार्जर काढून, बॅटरी सुटी होण्यासारखी असल्यास तीही काढून, सुरू करण्याचें बटण अर्धा मिनिट दाबून धरावें, व नंतर चार्जर लावून पुन्हां प्रयत्न करावा. हा कांहीं मंत्र नव्हे. बोर्डवर उरलेला विद्युद्भार अशानें निघून जातो, आणि विजेचा कारभार पाहणारी चिप आपलें काम नव्यानें सुरू करते. पावसाळ्यांत वीज लपंडाव खेळूं लागली, म्हणजे ही चिप गोंधळण्याचे प्रसंग येतात, आणि एवढ्या एका उपायानें कित्येक ‘मेलेलीं’ यंत्रें उठून बसतात.

एक सूचना मात्र येथेंच केली पाहिजे. लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला, किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल, तर आंतील लिथियमची बॅटरी फुगली आहे असें समजावें. तिला दाबूं नये, टोंचूं नये, चार्जिंगला लावूं नये. यंत्र बंद ठेवून तें जाणत्याच्याच हातीं द्यावें. ती पेट घेऊं शकते. येथें धाडसाचें कौतुक नाहीं.

दिवा लागतो, पंखा फिरतो, परंतु पडदा काळा, असा दुसरा प्रकार. अंधाऱ्या खोलींत पडद्यावर तिरपा टॉर्च धरावा. पुसट चित्र दिसलें, तर यंत्र जागें आहे, फक्त पडद्यामागील उजेड गेला आहे. घरच्या टीव्हीला केबलनें जोडून पाहिलें तरीही तेंच कळतें. टीव्हीवर चित्र आलें, तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या वायरीचा. तुमची माहिती सुखरूप आहे, व ‘फॉरमॅट’चें नांवही काढूं नये. यंत्र ठराविक शिट्ट्या देत असेल, किंवा त्याचा दिवा ठराविक वेळां लुकलुकत असेल, तर त्या मोजून लिहून ठेवाव्यात. ती त्याची भाषा आहे. प्रत्येक कंपनीची निराळी असते, व मॉडेलच्या नांवावरून तिचा अर्थ कंपनीच्या संकेतस्थळावर सांपडतो. हजेरींत कोण गैरहजर आहे, हेंच तें सांगत असतें, आणि पुष्कळदां ती गैरहजेरी रॅमची असते.

याबाबतींत आपल्या किनाऱ्याचा एक विशेष आहे. समुद्रावरून येणाऱ्या हवेंत मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते दमट हवेंतील पाणी ओढून घेतात, आणि धातूंच्या सांध्यांवर गंज चढवितात. तांब्याच्या भांड्यावर हिरवें किटण चढतें, तोच हा प्रकार. जून ते सप्टेंबर यंत्र आठ आठ दिवस कपाटांत बंद ठेवणें हें त्याची काळजी घेणें नव्हे. तें रोज थोडा वेळ चालविलें तर त्याच्याच उष्णतेनें तें कोरडें राहतें. तशीच गोष्ट मुंग्यांची. उबदार व अंधारी जागा त्यांस आवडते, व लॅपटॉपचें पोट तसेंच असतें. (यंत्रांत कीटक शिरण्याची गोष्ट जुनीच आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या गणकयंत्राच्या एका रिलेंत पतंग अडकलेला सांपडला, व तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेवला. दोषाला ‘बग’ म्हणण्याचा प्रघात त्याच्याही पूर्वींचा. परंतु खरोखरीचा कीटक सांपडल्याची गंमत त्यांनीं लिहून ठेविली.) रॅम सुटी असेल, तर जाणत्याकडून ती काढवून, टोंकें साफ करवून, पुन्हां बसवावी. कित्येक नव्या यंत्रांत मात्र ती बोर्डलाच डाखलेली असते. तेथें हा उपाय नाहीं.

कंपनीचें नांव दिसतें, पण पुढें ‘बूट डिव्हाइस सांपडत नाहीं’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर येतो, तेव्हां प्रथम यंत्रास टोंचून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढावा. हें सांगतांना हंसूं येतें. परंतु यंत्र त्या पेन ड्राइव्हवरच विंडोज शोधीत बसलेलें असतें, असें अनेकदां घडतें. मग बायॉसमध्यें शिरून डिस्कचें नांव यादींत दिसतें कीं नाहीं तें पाहावें. नांव नसेल, तर डिस्क सैल झाली आहे किंवा निकामी झाली आहे. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कमधून टक्‌ टक्‌ असा आवाज येत असेल, तर त्याच क्षणीं यंत्र बंद करावें. पुन्हां पुन्हां सुरू करून पाहणें म्हणजे लंगडणाऱ्या बैलास चाबूक मारणें होय. जें थोडें वाचतां आलें असतें, तेंही त्यायोगें नष्ट होतें.

आतां शेवटचा टप्पा. विंडोज उठूं लागतें व अर्ध्या वाटेवर कोसळतें. निळा पडदा येतो, किंवा चक्र फिरतच राहतें. ‘फॉरमॅट’चा सल्ला सर्वांत अधिक येथेंच दिला जातो, आणि त्याची घाई सर्वांत कमी येथेंच असते. याचा पुरावा साऱ्या जगानें पाहिलेला आहे. १९ जुलै २०२४ रोजीं, शुक्रवारीं, आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटें झालीं असतां, क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या फाल्कन नामक संरक्षक प्रोग्रॅमची एक सदोष फाइल जगभरच्या संगणकांवर उतरली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लक्ष यंत्रें निळा पडदा दाखवून पडलीं. उठत, व पुन्हां पडत. विमानतळांवर रांगा लागल्या, रुग्णालयांचीं व बँकांचीं कामें अडलीं, आणि आपल्या देशांत कांहीं विमानप्रवाशांच्या हातीं शाईनें लिहिलेले बोर्डिंग पास पडले. कंपनीनें ती फाइल सव्वा-दीड तासांत मागें घेतली. परंतु जीं यंत्रें आधींच कोसळलीं होतीं, त्यांपैकीं असंख्य यंत्रांपाशीं माणसास स्वतः जाऊन बसावें लागलें. मग त्या माणसांनीं तीं यंत्रें पुसलीं काय? मुळींच नाहीं. सेफ मोडमध्यें, म्हणजे अगदीं आवश्यक तेवढ्याच प्रोग्रॅमांसह, यंत्र उठवावयाचें, ती एक फाइल काढून टाकावयाची, व यंत्र पुन्हां सुरू करावयाचें. एवढाच उपाय होता. कोसळण्यापूर्वीं शेवटचें काय बदललें, या एका प्रश्नाचें उत्तर हातीं आलें आणि मार्ग सांपडला.

तोच प्रश्न घरींही विचारावा. काल नवा प्रोग्रॅम घातला काय? रात्रीं विंडोजचें अपडेट चालू असतां कोणी बटण दाबून बंद केलें काय? विंडोज लागोपाठ दोन-तीनदां नीट उठलें नाहीं, तर तें आपण होऊनच दुरुस्तीचा निळा तक्ता पुढें ठेवतें. त्यांत ‘स्टार्टअप रिपेअर’ आहे, नुकतेंच आलेलें अपडेट काढून टाकण्याची सोय आहे, सेफ मोड आहे. आणि अगदीं शेवटीं, फाइली राखून विंडोज नव्यानें घालण्याचीही सोय आहे. निळ्या पडद्यावरील सांकेतिक शब्दांचें मोबाइलवर छायाचित्र घ्यावें, म्हणजे कारागिराचा अर्धा वेळ वांचतो. आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगतों. पुष्कळ यंत्रांत ‘शट डाउन’ केल्यानें विंडोज पूर्णपणें बंद होतच नाहीं. पुढच्या वेळीं लवकर उठतां यावें म्हणून तें आपल्या गाभ्याची स्थिति डिस्कवर लिहून ठेवतें, व सकाळीं तीच पुन्हां उचलतें. कालचा बिघाडही त्याबरोबर उचलला जातो. ‘रिस्टार्ट’ केलें असतां मात्र सर्व कांहीं नव्यानें सुरू होतें. म्हणून अडखळणाऱ्या यंत्रास रात्रीं बंद करून सकाळीं उठविण्यापेक्षां एकदां ‘रिस्टार्ट’ करून पाहावें.

‘फॉरमॅट’ कधींच करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. व्हायरसनें घर केलें असेल, किंवा विंडोजचा पायाच ढांसळला असेल, तर तें करावेंच लागतें. परंतु आधीं माहिती बाहेर काढावी. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइली उतरवून घेतां येतात. सुटी होणारी डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडतांही येते. मात्र अलीकडच्या कित्येक यंत्रांत डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असतें, व त्याची ४८ अंकी किल्ली नसेल, तर माहिती डोळ्यांसमोर असून हातीं लागत नाहीं. २०२४ च्या त्या गोंधळांतही या किल्ल्या शोधतांना पुष्कळांस घाम फुटला. पालकांनीं ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यांतून पाहून आजच कागदावर लिहून घ्यावी, व रेशनकार्डाबरोबर ठेवून द्यावी. आणि महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत दुसरीकडे असावी. आपल्याच गांवीं शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० सालचा मराठी ताम्रपट सांपडला; तो कित्येक शतकांनंतरही वाचतां आला, कारण तो तांब्यावर होता. आपल्या डिस्कला एवढें आयुष्य नाहीं.

आतां रागाविषयीं. पालकहो, हा भाग विशेषेंकरून आपणांसाठीं आहे. वैद्याला रोग्यानें खरें सांगितलें नाहीं, तर नाडी कितीही जाणती असो, औषध चुकतें. लॅपटॉपवर चहा सांडला, किंवा शहाळ्याचें पाणी सांडलें, तर त्या क्षणीं करावयाची गोष्ट अगदीं सोपी आहे: चार्जर उपटावा, बटण दाबून धरून यंत्र बंद करावें, तें उघडें करून पालथें ठेवावें, आणि आंतून साफ होईपर्यंत पुन्हां सुरू करूं नये. पाण्यानें तेवढें नुकसान होत नाहीं, जेवढें ओल्या यंत्रांत वीज खेळल्यानें होतें. आणि शहाळ्याच्या पाण्यांत साखर व क्षार असल्यामुळें तें वाळलें तरी किटण मागें राहतेंच. तांदुळांत पुरून ठेवण्यानें कांहीं साधत नाहीं. परंतु मार बसेल म्हणून भ्यालेलें मूल काय करतें? तें पंचानें वरवर पुसतें, सुरू होतें कीं नाहीं हें चोरून चार वेळां बटण दाबून पाहतें, आणि संध्याकाळीं ‘आपोआप बंद पडला’ असें सांगतें. सकाळीं जें यंत्र वांचलें असतें, तें संध्याकाळीं वांचत नाहीं; आणि कारागीरही खोट्या हकीकतीवरून भलताच दोष शोधीत बसतो. ज्या घरांत मुलास ‘बाबा, माझ्या हातून पाणी सांडलें’ असें तत्काळ सांगण्याची भीति वाटत नाहीं, त्या घरांतील यंत्रें अधिक टिकतात, हें शब्दशः खरें आहे.

दुरुस्तीस देतांना कागदावर चार ओळी लिहून द्याव्यात: कोणत्या टप्प्यावर अडतें, कधींपासून, शेवटचें काय बदललें, आणि ‘आम्हांस विचारल्याशिवाय फॉरमॅट करूं नये’. बदललेला भाग परत मागून घ्यावा. २०२२ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें ‘राइट टू रिपेअर’ नांवाचें संकेतस्थळ सुरू केलें. वस्तु दुरुस्त करून वापरण्याचा ग्राहकास हक्क आहे, हा विचार आतां सरकारदरबारींही पोंचला आहे. चांगला कारागीर असल्या चौकशीनें रागावत नाहीं; उलट त्याचें काम हलकें होतें.

शेवटीं एक मागणी. आमच्या मतें विज्ञानाच्या तासांत इयत्ता आठवीपासून मुलामुलींस एक बंद पडलेला लॅपटॉप उघडून दाखवावा: ही रॅम, ही डिस्क, हा पंखा, ही ती चिप. बेडकाचें अंतरंग पूर्वीं टेबलावर मांडीत, त्यापेक्षां यांत जिवाचा घात नाहीं, आणि घरीं उपयोग अधिक आहे. मुलींस यांतून वगळूं नये, हें वेगळें सांगावयास नको होतें, तरी सांगतों. कोणा पालकांच्या माळ्यावर असा एखादा जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल, तर तो दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेंत पाठवावा. चालूं नसला तरी चालेल. बॅटरी मात्र फुगलेली नसावी.